‘वहिनी, गिट्टी धरंना झालीय!’

माझ्या हार्डवेअरच्या दुकानाच्या गल्ल्याखाली श्रीखंडाचा एक रिकामा डबा असतो. भिंतीतनं निखळलेली गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात तो प्लॅस्टिकचा रावळप्लग, गिऱ्हाइकानं रागानं काउंटरवर टाकली की ती त्या डब्यात जाते. ‘वहिनी, तुमची गिट्टी धरंना झालीय’ हे वाक्य सांगलीच्या गणपती पेठेत बसून इतक्या वेळा ऐकलंय, की आता मी काही न विचारता चष्मा लावते आणि गिट्टी हातात घेते. डॉक्टर जीभ बघतात, तसं. खाचांमध्ये पांढरी भुकटी गच्च बसली असेल तर ती भोकात गोल फिरलीय. मागं पांढरं ढेकूळ आणि तोंडाशी कागदाची फाटकी झालर असेल तर ती सरळ ओढली गेलीय. पाय न फाकता, दुकानातनं नेली तशी कोरी परत आली असेल तर भोकच मोठं पडलेलं.

पूर्वी या डब्यात विटांची लाल भुकटी लागलेल्या गिट्ट्या असायच्या. आता पांढऱ्याच जास्त. घरोघर जिप्सम बोर्डाच्या, म्हणजे दोन कागदांत पांढरा गर भरलेल्या पाट्यांच्या, भिंती आणि छतं झाली, त्याचा हा हिशोब. म्हणून गेल्या अंकात ‘बोर्डाचे प्रश्न पाठवा’ असं लिहिलं होतं. पत्रं पुष्कळ आली. एकसारखी होती ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये हॉल आणि बेडरूमच्या मधली भिंत जिप्सम बोर्डाची आहे. दाराच्या पडद्याची दांडी तीनदा निघाली. दर वेळी आधीपेक्षा जाड गिट्टी घातली. पुस्तकांची फळी तर दिवाळी अंकांसकट खाली आली. जुन्या घरात विटांच्या भिंतीवर हीच फळी वीस वर्षं हलली नव्हती. बोर्ड हलक्या प्रतीचा दिला असेल का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

दादा, बोर्डाला एवढ्यात शिव्या देऊ नका. मिस्त्रीकडं उरलेला तुकडा असेल तर मागून घ्या आणि एक करून बघा. तुकडा दोन्ही हातांनी धरून वाकवा. सहज मोडत नाही. आता एका बाजूच्या कागदावर कटरनं रेघ मारा आणि त्या रेघेवर पुन्हा वाकवा. भाजलेल्या पापडासारखा कडकन मोडेल. आतला गर तोच होता, फक्त कागद कापला गेला. बोर्डाची बरीचशी ताकद त्या दोन कागदांत असते. मधला पांढरा गर म्हणजे जिप्सम, आपल्या शाळेतला खडू ज्याचा बनतो तोच माल. खडूत कधी स्क्रू पिळून बघितलाय? आटे पडत नाहीत, पीठ पडतं.

आता तुमची गिट्टी. विटेत स्क्रू पिळला की प्लॅस्टिकची गिट्टी फुगते, वीट तिला चहूबाजूंनी उलट दाबते आणि त्या दाबावर सगळं टिकतं. ३५ मिलिमीटरची गिट्टी पूर्ण लांबीभर धरलेली असते. बोर्ड असतो १२.५ मिलिमीटरचा, म्हणजे आपला अर्धा इंच. गिट्टीचा दोन तृतीयांश भाग मागच्या पोकळीत लोंबकळतो. तिथं फुगून ती कुणाला दाबणार? जेवढी बोर्डात आहे तेवढी फुगते आणि भोकाच्या कडेचा जिप्सम चुरत जातो. म्हणून ढिली झाली की आवळायची, हा विटेवरचा उपाय इथं उलटतो. प्रत्येक पिळ्याला थोडं पीठ आणखी पडतं. तुम्ही तर दर वेळी जाड गिट्टी घातलीत, म्हणजे दर वेळी भोक वाढवलंत आणि ज्या कागदावर मदार होती तो आणखी कापलात.

शेतकऱ्याच्या घरात खुंटा हलवून बळकट करायची म्हण चालते. बोर्डात ती चालत नाही. दाराचा पडदा दिवसात किती वेळा ओढला जातो ते मोजा. पोरं तर पडद्याला धरूनच वळण घेतात. प्रत्येक हिसक्याला भोकाची कड कणभर झिजते, गोल भोक लांबट होतं, स्क्रूला हलायला जागा मिळते. मग पुढचा हिसका नुसता ओढा राहत नाही, त्याचा ठोसा होतो. दांडीखालच्या फरशीवर पिठाची बारीक रेघ दिसायला लागते. बायका ती पुसून टाकतात आणि रंग उडतोय म्हणतात. पुसण्याआधी वर बघावं.

पडद्याचा उपाय सोपा आहे. बोर्डाच्या भिंतीत दाराच्या चौकटीला लागून दोन्ही बाजूंना पत्र्याचा उभा स्टड, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूनं लावतात तो खांब, असतोच, आणि चौकट ठोकायला बऱ्याच वेळा त्यात लाकूडही भरलेलं असतं. तुमचं ब्रॅकेट चौकटीपासून चार बोटं लांब, शोभेसाठी बाहेर घेतलं असणार, म्हणून ते पोकळीवर गेलं. आत सरकवा आणि स्क्रू त्या लाकडात घ्या. गिट्टीची गरजच नाही. दांडी चार बोटं आखूड दिसेल, दिसू दे.

फळीचं गणित वेगळं. भरलेली घागर कमरेवर घेऊन बाई विहिरीपासून घरापर्यंत चालते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलं जमणार नाही. घागर तेवढीच असते, पण खांद्यावरची ओढ वाढते. फळीही तशीच, भिंतीला नुसती खाली ओढत नाही. ब्रॅकेटचं खालचं टोक भिंतीला टेकतं आणि वरचा स्क्रू बाहेर उपसला जातो. समजा फळी ३० सेंटिमीटर रुंद आहे, वर १२ किलो अंक आहेत आणि ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आहे. अंकांचं वजन सरासरी १५ सेंटिमीटरवर धरलं, तर वरच्या स्क्रूंवर मिळून १८ किलोची सरळ बाहेरची ओढ येते. अंक पुढच्या कडेला, २५ सेंटिमीटरवर रचले तर तीच ३० किलो होते. आणि ब्रॅकेटचा उभा हात १० ऐवजी ३० सेंटिमीटरचा घेतला, तर पहिल्या हिशोबातले १८ किलो ६ वर येतात. म्हणून आखूड, नाजूक, ‘मॉडर्न’ दिसणारं ब्रॅकेट कुणी बोर्डासाठी मागितलं तर मी आधी वाद घालते, मग विकते.

बोर्डासाठी वेगळे प्लग मिळतात. ते भोकात फुगत बसत नाहीत, मागं जाऊन हात पसरतात. एकाला आम्ही फुलपाखरू म्हणतो. बोल्टवर स्प्रिंगचे दोन पंख असतात, मिटून भोकातनं आत घालायचे, आत गेले की ते उघडतात आणि बोर्डाच्या पाठीला टेकतात. ओढ कडेच्या चुऱ्यावर येत नाही, मागच्या कागदावर पसरून येते. यातली गोम एवढीच, की बोल्ट पूर्ण काढला तर फुलपाखरू आत पडतं ते पडतंच. दुसरा प्रकार धातूच्या नळीचा, मॉली. स्क्रू पिळला की नळी मागं छत्रीच्या काड्यांसारखी दुमडते. ही घेताना बोर्ड एकेरी आहे की दुहेरी ते सांगा. १२.५ मिलिमीटरची मॉली २५ मिलिमीटरच्या दुहेरी बोर्डात घातली तर ती भोकातच दुमडायला बघते आणि तुमचे पैसे गेले. तिसरा, रुंद आट्यांचा जस्ताचा जाड प्लग, स्क्रूड्रायव्हरनं सरळ पिळून बसतो. घड्याळ, फोटो, कॅलेंडर यांना छान. पण एकदा उलटा फिरवून काढला की आपल्याबरोबर बोर्डाचे आटेही घेऊन येतो, पुन्हा त्याच जागी बसत नाही.

पण पुस्तकं म्हटल्यावर मी यातला कुठलाच प्लग देणार नाही. स्टड शोधा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून भिंतीवरनं हळू फिरवा. जिथं ते चिकटू बघेल तिथं बोर्डाचा स्क्रू आहे, त्याच्या वर-खाली तशीच रांग लागली की तो स्टड. आपल्याकडं ते साधारण ६१० मिलिमीटरवर, म्हणजे दोन-दोन फुटांवर असतात. मात्र स्टडही अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा पत्रा आहे, त्यात स्क्रूचे एक-दोन आटेच बसतात. मशीननं जोरात आवळला की पत्र्यातलं भोक चिरतं आणि स्क्रू गरागरा फिरतो. शेवटचे दोन पिळे हातानं द्या. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे फळीच्या उंचीवर बोर्ड कापायचा, दोन स्टडच्या मध्ये १८ मिलिमीटर प्लायची पट्टी आडवी बसवायची, बोर्ड परत लावून सांधा भरायचा. सुताराचं एका दिवसाचं काम. ही भिंत उभी राहत असतानाच कुणी विचारलं असतं, ‘फळी कुठं येणार?’, तर तासाभराचं होतं.

आणखी तीन गोष्टी. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. समोरून भोक सुबक दिसतं, पण मागनं ठोक्यानं वाटीएवढा खड्डा पडून कागद फाटलेला असतो. जुन्या भोकात सुताराचा डिंक आणि काडेपेटीच्या काड्या कोंबून तिथंच परत स्क्रू घेऊ नका. डिंक काडीला धरेल, पण काडी ज्याला टेकलीय ते पीठ आहे. नवं भोक चार बोटं बाजूला घ्या. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावायचं नाही, वायर तिथनंच जाते.

(साताऱ्यातनंच आणखी एक पत्र आहे. त्यांच्याकडं ओल झाकायला जुन्या दगडी भिंतीवर बोर्ड चिकटवलाय. तिथं बोर्डामागं बोटभर पोकळी आणि मग भिंत. लांब स्क्रू घ्या आणि गिट्टी पूर्णपणे मागच्या भिंतीत जाऊ द्या. अर्धी पोकळीत राहिली तर वरचीच गोष्ट पुन्हा. आणि ओल झाकली म्हणजे गेली असं नाही, पण तो प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.)

प्रश्न : बाल्कनी बंद करून स्लॅबखाली बोर्डाचं फॉल्स सीलिंग केलं. त्याला कपडे वाळत घालायची कप्पीची दांडी लावली. पहिले काही महिने छान. पावसाळ्यात एका रात्री सहाही दांड्या, ओले कपडे आणि छताचा हातभर तुकडा खाली आला. लावणारा म्हणतो, चांगल्या गिट्ट्या घातल्या होत्या.
— एक वाचक, मिरज

ताई, रात्री आला हे नशीब म्हणा, दिवसा खाली कुणी तरी उभं असतं.

चांगल्या गिट्ट्या असतीलही. भिंतीवर वजन बहुतेक खाली सरकवतं, निदान बोर्डाची कड तरी त्याला आडवी येते. छतात वजन गिट्टीला थेट तिच्या भोकाच्या दिशेनं उपसत असतं, दिवसरात्र, एक क्षण न सोडता. प्लॅस्टिकची फुगणारी गिट्टी त्या दिशेला नुसत्या घासणीवर उभी असते. बोर्डाच्या छतात ती कशालाच लावू नये, झुंबर सोडा, तोरणाच्या हुकालाही.

वजन किती होतं याचा तुम्हाला अंदाज नसेल, म्हणून मी दुकानातल्या खिळ्यांच्या काट्यावर करून बघितलं. घरची डबल चादर वाळलेली सव्वा किलो भरली, हातानं पिळून आणली तर अडीच. सहा दांड्यांवर चादरी, जीन्स, टॉवेल धरले की १२-१५ किलो सहज. आता कप्पीची गंमत बघा. दांडी वर ओढताना कप्पीवर दोरीच्या दोन्ही बाजूंचा ताण येतो, खाली लोंबणाऱ्या कपड्यांचा एक आणि तुम्ही ओढता त्याचा दुसरा. दोन्ही बाजू सरळ खाली असतील तर कप्पीच्या स्क्रूला कपड्यांच्या वजनाच्या दुप्पट ओढ झेलावी लागते. वर हिसके. आणि बंद बाल्कनीत, पावसाळ्यात, त्याच कपड्यांतली वाफ उठून छताच्या बोर्डात मुरते. साधा बोर्ड ओला झाला की मऊ पडतो. हिरवा, ओलीला तोंड देणारा बोर्ड मिळतो, पण तोही वजनासाठी बनवलेला नाही.

कुणी म्हणेल, मग बोर्डाच्या वरच्या चॅनलमध्ये स्क्रू घ्या. तो चॅनलही अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आहे, वर पट्ट्यांनी स्लॅबला टांगलेला. त्याला त्याच्या छताचा भार पेलायला लावलाय. तुमचे कपडे त्याच्या करारात नाहीत.

काय करायचं ते सांगते. छत फुटलंच आहे, तर आतनं स्लॅबचा तळ दिसत असेल. तिथं काँक्रीटमध्ये लोखंडी फास्टनर ठोका, त्याला आटे पाडलेली सळई लावा आणि ती बोर्डातनं खाली आणा. बोर्डाचं भोक सळईपेक्षा थोडं मोठं ठेवा. कप्पी सळईला नटानं आवळा, खाली वाटी लावून भोक झाका. आता सगळं वजन स्लॅबवर, छत नुसतं शोभेला. स्लॅबमधनं लाइटचे पाइप गेलेले असतात, तेव्हा ठोकण्याआधी वायरमनला विचारा.

पंख्याचंही हेच. पंखा स्लॅबच्या हुकावरनंच टांगायचा आणि त्याची दांडी बोर्डाला कुठंही शिवता कामा नये. शिवली तर थरथर छताच्या स्क्रूंना मिळते आणि दोन उन्हाळ्यांत ते कुरकुरायला लागतात.

प्रश्न : हॉलच्या छताला जागोजागी फुटकुळ्या आल्यात, रांगेत. रंगाचा दोष आहे का?
— एक वाचक, कराड

रंगाचा नाही. रांगेत आल्यात म्हणजे प्रत्येक फुटकुळीखाली एक काळा स्क्रू आहे. जुन्या पद्धतीनं लाकडी रिपांवर बोर्ड लावला असेल तर ओलं लाकूड वाळताना आकसतं. स्क्रूचं टोक लाकडात आहे तिथंच राहतं, रीप मागं हटते, बोर्ड आणि रिपेत फट पडते. मग बोर्डाला खालून हात लागला, वर गच्चीत कुणी धाड्दिशी पाय आपटला, की बोर्ड वर सरकतो आणि स्क्रूची टोपी पुट्टी फोडून बाहेर येते. पत्र्याच्या चॅनलवरही हे होतं, लावणाऱ्यानं बोर्ड वर दाबून न धरता मशीन चालवलं असलं तर. घर वरच्या मजल्यावर असेल तर चैत्र-वैशाखात स्लॅब तापतो, रात्री निवतो, आणि ती रोजची ताणाताण वेगळीच.

टोपी आत ठोकून वर पुट्टी लावू नका, पुढच्या वर्षी परत येईल. बोर्ड तळहातानं वर दाबून धरा, जुन्या स्क्रूपासून दीड इंच बाजूला नवा घ्या, मग जुना काढून टाका. नव्याची टोपी कागदाच्या किंचित आत बसावी, कागद फाडून खाली जाऊ नये. फाडला की तो स्क्रू नसल्यातच जमा. छताला स्क्रू साधारण नऊ-नऊ इंचांवर हवेत. तुमच्याकडं दोन-दोन फुटांवर असले तर ठेकेदारानं स्क्रूत काटकसर केलीय. लाकडी रिपा नव्या असतील तर एक उन्हाळा जाऊ द्या, मग दुरुस्ती करा.

प्रश्न : आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत बोर्डाची मधली भिंत आहे. २०२१ च्या पुरात ती कमरेपर्यंत पाण्यात होती. वाळल्यावर पुट्टी मारून रंग दिला. दिसायला बरी आहे, पण खालच्या भागातलं काहीच टिकत नाही. टॉवेलची दांडी, हुक, आता स्विचबोर्डही हलतो.
— एक वाचक, गावभाग, सांगली

काका, पुराचं मला कुणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट. आमच्या पेठेत पाणी शिरलं तेव्हा खिळ्यांची पोती हलवायला वेळ मिळाला नव्हता. पंधरवड्यानं उघडली तर आतलं सगळं गंजून एकसंध ढेकूळ झालेलं, घणानं फोडावं लागलं. दोन वर्षांनी परत पाणी.

भिंत वरून वाळली की आपण म्हणतो, वाळली. बोर्डात कागद गराला धरून ठेवायला स्टार्च असतो, आपली खळ म्हणा ना. काही तास पाण्यात राहिला की ती खळ सुटते, आणि जिप्सम स्वतः थोडंफार पाण्यात विरघळतं. वाळल्यावर गर परत कडक लागतो खरा, पण कागद आणि गर आता एकमेकांचे राहिलेले नसतात. वर रंगाचा पापुद्रा, म्हणून अंगठा दाबेपर्यंत कळत नाही. अशा बोर्डात फुलपाखरूही टिकत नाही, कारण ते ज्या मागच्या कागदावर पंख टेकतं तो कागदच सुटलेला.

तेव्हा गिट्टी बदलत बसू नका. आधी त्या स्विचबोर्डाची लाइन बंद करा आणि आजच्या आज वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर. मग पुराच्या खुणेच्या वर फूटभर आडवी रेघ मारून खालचा बोर्ड कापून काढा. आतला फरशीवरचा पत्र्याचा चॅनल बघा, तो कुजलेला असेल तर तो बदला. खालच्या भागाला जिप्सम परत लावू नका, सिमेंटचा फायबर बोर्ड लावा, आणि तो बंद करण्याआधी टॉवेलच्या दांडीमागं पट्टी घाला. नदीकाठी राहायचं तर खालची तीन-चार फूट भिंत पाण्याची आहे असं धरूनच बांधावी.

प्रश्न : रावळप्लगला ‘रावळ’ का म्हणतात? देवळाशी काही संबंध?
— एक विद्यार्थिनी, इस्लामपूर

देवळा-रावळाशी काही नाही बाळ, पण प्रश्न मला आवडला. लंडनमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाचे एक बांधकाम व्यावसायिक होते. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतीला लावायची होती आणि भिंतींची नासाडी करायची नव्हती. त्या काळी भिंतीत मोठं भोक फोडून लाकडी गुटका ठोकत, त्यात स्क्रू घेत. आपल्याकडं परवापरवापर्यंत हेच चालायचं. रॉलिंग्जनी १९११ च्या सुमारास तागाच्या दोऱ्यांची छोटी नळी काढली, ती प्राण्यांच्या रक्तानं किंवा सरसानं कडक केलेली असे. तिचं नाव रॉलप्लग. सांगलीपर्यंत येताना त्याचा रावळ झाला. नायलॉनची गिट्टी १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टूर फिशर यांनी आणली, म्हणून काही मिस्त्री तिला फिशर म्हणतात. या माणसाच्या नावावर अकराशेच्या वर पेटंटं होती आणि मुलांची जोडाजोडीची खेळणीसुद्धा.

बोर्ड मात्र या दोघांच्या आधीचा. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी त्याचं पेटंट १८९४ मध्ये घेतलं होतं.

प्रश्न : फॉल्स सीलिंगला झोपाळा टांगता येईल का? ठेकेदार म्हणतो, चार फुलपाखरं लावली की झालं.
— एक वाचक, वाई

नाही.

चार काय, चाळीस लावली तरी नाही. दोन माणसं बसली की सव्वाशे-दीडशे किलो होतात आणि झोका खालून जाताना ओढ त्याहून वाढते. फुलपाखरू टिकलं तरी ज्या बोर्डाला ते धरतं तो टिकायला हवा, आणि बोर्ड टिकला तर तो ज्या अर्ध्या मिलिमीटरच्या चॅनलला टांगलाय तो. झोपाळ्याचे हुक स्लॅबमध्ये, तेही इंजिनिअरला जागा दाखवून, आणि कड्या बोर्डाच्या भोकातनं न शिवता खाली.

माझं माहेर वाईचंच. आमच्या वाड्यातला ओसरीवरचा झोपाळा तुळईला होता. लहानपणी वाटायचं, कडी नुसती लाकडात रुतवलीय. एकदा गवऱ्या काढायला माळ्यावर चढले तेव्हा दिसलं. कडीचा दांडा तुळईच्या आरपार वर आलेला, त्यात तळहाताएवढी चौकोनी लोखंडी पट्टी ओवलेली, आणि पट्टीच्या वर दांड्याच्या भोकातनं आडवी खीळ. पट्टीखालचं लाकूड दाबून गुळगुळीत, काळं झालं होतं.